लिटरभर पाणी आणि तुमच्या नद्या

आप्पा,

मंगळवारी सेंटरवर आले, ती तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवूनच आले होते. आधीच्या शनिवारी अख्खं डायलिसिस मी भिंतीकडे तोंड करून काढलं होतं आणि मंगळवारीही तेच करणार होते. काट्यावर उभी राहिले. राकेशनं वजन लिहून घेतलं, पण एरवीसारखं "मॅडम, आज कितना पानी लाये?" असं विचारलं नाही. मग खाली बघत म्हणाला, "आप्पाजी नहीं रहे, मॅडम. कल सुबह." मी म्हटलं, "अरे, पण त्यांच्या बेडवर चादर घातलीय की." चादर दुसऱ्या पेशंटसाठी घातलेली होती.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझा राग गेलेला नाही. माणूस गेला की त्याचं सगळं बरोबरच होतं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मी पाळणार नाही. तुम्हालाही ती आवडत नव्हती. तुमच्या भावकीतल्या एकाच्या दहाव्याला सगळे त्याचे गोडवे गात होते, तेव्हा तुम्ही भर घाटावर "लई बाराचा हुता, पर आता कोन बोलनार," असं म्हणाला होतात. ते मला सांगताना तुम्ही एवढे हसलात की हात हलला आणि मशीन कोकलायला लागलं. राकेश धावत आला होता.

तुमच्या घरी भेटायला आले तेव्हा बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "तुम्ही आप्पांच्या कोण?" मी म्हटलं, "शेजारी." ते म्हणाले, "चांद्यात कुठं राहता?" म्हटलं, "मी नांद्याची. बेडशेजारी." त्यांना काही उमगलं नाही. आपली दोन गावं इतकी लागून आहेत की एकाकडचा स्पीकर दुसऱ्याकडे ऐकू येतो. तरी ओळख व्हायला आपल्या दोघांच्या किडन्या जाव्या लागल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हातात दोन सुया घालून तुमच्याशेजारी पडून राहणं, याला काय नातं म्हणतात ते मला माहीत नाही. तुम्ही मला "बाई" म्हणायचात. शाळेत शिकवते म्हणून सगळं गाव बाई म्हणतं, पण तुमच्या तोंडी त्यात थोडी चेष्टा असायची.

पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, "आप्पा, घरी दिवसभर काय करता?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "माश्या मारतो." मला वाटलं, जमीन विकलेला, वरच्या खोल्या भाड्यानं दिलेला माणूस, दुसरं काय करणार! मग तुम्ही पिशवीतून एक चपटी डबी काढलीत. आत कापसात खोवलेले बारीक गळ, प्रत्येकाला कोंबड्याचं पीस आणि रंगीत दोरा गुंडाळलेला. एक तुम्ही चिमटीत धरून माझ्या डोळ्यांसमोर नाचवलात.

"ही माशी. पान्यावर अशी टेकवायची, की माशाला वाटलं पायजे खरीच बसली. गांडूळ न्हाई, कणकीचा गोळा न्हाई. निस्तं पीस."

"आणि मासा फसतो?"

"मानूस फसतो, मासा का न्हाई फसनार?"

मग ती सगळी हकीकत कळली. हिंजवडीत कंपनीत असलेला हिमाचलचा मुलगा तुमच्या वरच्या खोलीत राहत होता. त्याच्या गावाकडे नदीत ट्राउट मासा, आणि तो धरायची ही त्यांची तऱ्हा. त्यानं तुम्हाला राहिलेल्या पडीक तुकड्यात उभं करून दोरी फेकायला शिकवलं. रस्त्यानं जाणारे थांबून म्हणायचे, आप्पा वाऱ्याला चाबूक मारतोय. पोरगा नोकरी बदलून बंगळूरला गेला तेव्हा काठी, रीळ आणि डबी तुमच्याकडे ठेवून गेला. तुम्ही मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर जाऊन उभे राहायला लागलात. तिथे ट्राउट कुठला! चिलापी लागायचा, एखादवेळी खडस. तोही तुम्ही सोडून द्यायचात. काकू म्हणायच्या, अख्खा दिवस उन्हात उभं राहून कालवणापुरतं तरी आणावं माणसानं. तुम्ही म्हणायचात, "धरला, बघितला, झालं की."

डायलिसिस सुरू झाल्यावर धरणाच्या काठापर्यंत उतरणं तुम्हाला जमेना. मग तुम्ही ते सगळं बेडवर आणलंत. इथे जमलं नाही ते तिथे जाऊन करायचं, अशा जागा तुम्ही ठरवून ठेवल्या होत्या. हिमाचलातली तीर्थन. काश्मीरमधली लिद्दर. कावेरी, तिथल्या महसीर माशासाठी. तिकडे अरुणाचलकडून उतरणारी एक नदी, तिचं नाव तुम्ही दर वेळी वेगळं घ्यायचात. शेवटी न्यूझीलंड. अर्धं त्या मुलाकडून ऐकलेलं, अर्धं मोबाइलवर बघितलेलं. सुया टोचून झाल्या, टेप लागले, राकेश पुढच्या बेडकडे गेला की मी विचारायचे, "आज कुठं?" आणि तुम्ही सांगायला लागायचात. पाण्याचा रंग, दगड कुठे, मासा कुठल्या दगडाच्या आडोशाला, उन्हाकडे पाठ करायची नाही, नाहीतर सावली पडते.

तुमच्या प्रत्येक नदीवर मुळशी असायचीच. न्यूझीलंडच्या काठाला उंबर होता आणि उंबराखाली भज्यांची गाडी. मी म्हटलं, "आप्पा, न्यूझीलंडला उंबर नसतो."

"तुमी गेला हुता का?"

"नाही."

"मग असंल की."

"कधी जायचं?" असं विचारलं की तुम्ही "जाऊ की" म्हणायचात. आमच्या घरातही हे दोन शब्द चालतात. त्यांचा अर्थ होही नसतो आणि नाहीही नसतो. विचारणाऱ्यानं आता गप्प बसावं, एवढाच असतो. ते कळत असून मी गप्प बसत नव्हते. मला त्या नद्या हव्या होत्या.

कारण आपल्याला दिवसाला एक लिटर पाणी होतं. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचा घोट. ज्यानं हे कधी केलं नाही त्याला सांगून कळत नाही. जीभ टाळूला चिकटते. रात्री नळ टपकत असला तर झोप येत नाही. मी बर्फाचा खडा गालात धरून वर्गात शिकवलेलं आहे. आणि किती प्यालो ते लपवता येत नाही, दोन डायलिसिसच्या मधे प्यालेलं सगळं पाणी अंगात साठून काट्यावर दिसतं. सगळ्या जगातले मासे धरणारे माशाचं वजन वाढवून सांगतात. तुम्ही एकटेच असे की काट्यावर चढायच्या आधीच ओरडायचात, "लई बारका हाय आज, दीड किलोचा!" काटा तीन दाखवायचा. राकेश कपाळाला हात लावायचा.

चौथीच्या वर्गात मी घ्यायचे तो खेळ एकदा तुमच्याशी खेळले. पाणी शब्द येतो असे वाक्प्रचार सांगायचे, जो अडेल तो हरला. तुम्ही म्हणालात, पाणी पाजणं. मी म्हटलं, पाणी जोखणं. तुम्ही, पाणी मुरणं. मी, तोंडचं पाणी पळणं. तुम्ही, पाण्यात बघणं. असं करत करत पलीकडच्या बेडवरचे ते हॉटेलवाले काका मधेच ओरडले, "अहो, गप्प बसा दोघं! माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आता हे कोण मोजणार?" सगळा वॉर्ड हसला. हसून घसे आणखी सुकले. मग पुन्हा नुसत्या मशीनच्या चाकांचा आवाज येत राहिला.

आणखी एक दिवस मला विसरता येत नाही. माझं बीपी पडलं होतं, पायात पेटके आले होते आणि मी पाणी मागत होते. राकेश नाही म्हणाला. तुम्ही तुमच्या थर्मासमधला बर्फाचा खडा, तुमच्या वाट्याचा, काढून माझ्या हातावर ठेवलात. मी तो तोंडात टाकला. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "बाई, आमच्या हिरीवर तुमच्या लोकांस्नी पानी न्हवतं. माजा आजा काठी घिऊन बसायचा तितं. आता बगा. दोगांस्नी बी न्हाई."

मी बौद्ध आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्याबद्दल आपण एक शब्द बोललो नव्हतो. मी म्हटलं, "आम्हाला सवय होती, आप्पा. तुम्हाला नवीन आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, लागलं तुम्हाला. मग तुम्ही "ह्ये बाकी खरं," म्हणालात आणि डोळे मिटलेत. मोठ्या घरातल्या माणसांनी माफी मागितलेली मी ऐकलेली आहे, भाषणात, माइकवर. तुम्ही मागितली नाहीत. बर्फ तेवढा पुढच्या वेळी मला न विचारता दोन थर्मासांत भरून आणलात. मला तेवढं पुरलं, आप्पा. आज हे तुम्हाला सांगते, तेव्हा सांगायला हवं होतं.

तुमच्या गोष्टींमधला मासा नेमका कधी नाहीसा झाला, ते माझ्या लक्षात आलं नाही. आधी तुम्ही नदीवर पोचलात की गळ निवडायचात. कुठली माशी, कुठलं पीस, यात अर्धा तास जायचा. मग हळूहळू काठी बाजूला पडायला लागली. तुम्ही काठावर पोचायचात, चपला काढायचात, पाय पाण्यात घालायचात. मग वाकायचात. ओंजळ भरायचात. "बर्फाचं पानी, बाई. दात कळवळत्यात. घशातनं खाली उतरतंया ते कळतंया, हितपर्यंत." तुम्ही मोकळ्या हातानं छातीवर रेघ ओढून दाखवायचात. मी विचारायचे, "आणि मासा?" "असंल की तितंच," तुम्ही म्हणायचात, आणि दुसरी ओंजळ भरायचात. लिद्दरला तेच, कावेरीला तेच. मीही मग मासा विचारायचं सोडून दिलं. मीच म्हणायला लागले, "अजून एकदा प्या."

आता भांडणाचं बोलते.

माझी धाकटी बहीण वैशाली मला किडनी द्यायला तयार होती. मी घेत नव्हते. तिला दोन लहान मुली आहेत, बावधनला एवढ्याशा फ्लॅटमध्ये संसार, नवऱ्याची नोकरी आज आहे तर उद्या नाही. तिच्या पोटावर सुरी फिरवून मी पाणी प्यायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. तुम्हाला मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही अंगावरच आलात.

"ती देतीया, तुमी घेत न्हाई. ह्यो कसला माज, बाई?"

"माज नाही. तिला काही झालं तर?"

"आन् तुमाला झालं तर तिला बरं वाटंल व्हय?"

"मग तुम्ही का नाही घेत मुलाची? तो तर पाया पडतो तुमच्या."

"माजं येगळं हाय."

"काय वेगळं?"

"माजा नंबर लागलाय, मेलेल्या मानसाच्या किडनीसाटी. कवाबी फोन यील. मग तुमी ऱ्हावा हितंच पडून, मी चाललो तीर्थनला."

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल! दर वेळी तुम्ही "माजं येगळं हाय"वर येऊन थांबायचात आणि मी तुम्हाला दुटप्पी म्हणायचे. मग तुम्ही माझ्या पाठीमागे वैशालीला गाठलंत. मला न्यायला येते तेव्हा बाहेर बाकावर बसायची ती. तिला तुम्ही सांगितलंत, बाई तोंडानं नाही म्हणतात, मनात तसं नाही, तू तुझ्या तपासण्या करून टाक, सगळं जुळलं की मग नाही म्हणायला तोंड राहणार नाही त्यांना. तिनं ऐकलं. गुपचूप जाऊन रक्त दिलं, लघवी दिली, सोनोग्राफी केली. शुक्रवारी मला फोन करून म्हणाली, "ताई, रक्तगट जुळला. बाकीचे रिपोर्ट यायचेत. आप्पांनी सांगितलं म्हणून केलं, त्यांना ओरडू नकोस."

मी ओरडले नाही. शनिवारी आले आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्या शरीराचा, माझ्या बहिणीचा निर्णय तुम्ही बाकावर बसून परस्पर केलात, याची मला भयंकर चीड आली होती. तुम्ही विचारलंत, "बाई, आज कावेरीला जायाचं का?" मी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं तुम्ही आपणहून सांगायला लागलात, हळू आवाजात, दगड, पाणी, वाळू. मग मधेच थांबलात. सुया निघाल्यावर तुम्ही माझ्या बेडच्या पायथ्याशी जरा वेळ उभे राहिलात. "येतो बाई," म्हणालात. मी वळले नाही. पुन्हा तोच शनिवार आला तर मी पुन्हा वळणार नाही, कारण मला ठाऊक नव्हतं आणि तुम्ही सांगितलं नव्हतं.

काय सांगितलं नव्हतं, ते मला काकूंकडून कळलं. मी आले तेव्हा त्या आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सवयीनं त्यांनी सुनेला हाक मारली, "बाईंस्नी पानी आन." तांब्या-भांडं समोर आलं. मी एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं. त्या भांड्याकडे बघत त्या बोलायला लागल्या.

"आयतवारी दुपारी जेवले न्हाईत. ओट्यावर बसले. पानी मागितलं, मी फुलपात्र दिलं रोजच्यावानी. म्हनले, त्ये नगं, तांब्या दे. दिला. समदा प्याले. आनिक मागितला. त्यो बी दिला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी न्हाई अडवलं, बाई. रोज अडवत हुते, त्या दिशी न्हाई अडवलं. डाक्टरनी दिवाळीतच सांगितलं हुतं. हार्टात काय जीव न्हाई ऱ्हायला, आपरेशन झेपायचं न्हाई. नंबरातनं नाव काडलं त्यांचं."

मी म्हटलं, "मला म्हणायचे नंबर लागलाय."

"व्हय. म्हनायचे, बाईंस्नी कळू द्यायचं न्हाई. मला हुनार न्हाई म्हनल्यावर त्या बी मागं सरतील. त्यांची बहीन हाय अजून, त्यांनी मागं सरू ने."

दिवाळी. दिवाळीनंतरच तुमच्या नद्यांमधला मासा गेला होता. मला वाटलं होतं तुम्ही म्हातारे होत चाललात, विसरताय, कंटाळलात. आणि तुम्ही मात्र, काठी आता कधीच हातात धरायची नाही हे माहीत असलेल्या माणसानं जे मागावं, तेवढंच मागत होतात. मी शेजारी पडून, "अजून एकदा प्या," म्हणत होते.

तुम्ही ठरवून प्यालात, की नुसती तहान लागली होती, हे मला कोण सांगणार? दोन तांब्यांनी माणूस मरतोच असं नाही, आपण दोघांनी सणासुदीला त्याहून मोठे मासे काट्यावर आणलेले आहेत. काकू म्हणाल्या, पिऊन झाल्यावर तुम्ही बराच वेळ बसलात, नातवाला पतंगाची दोरी सोडवून दिलीत, चेहरा समाधानी होता. पहाटे दम लागला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला त्या समाधानी चेहऱ्याचा हेवा वाटला आणि त्याच वेळी तुम्हाला गदागदा हलवावंसंही वाटलं. एवढा मोठा माणूस, एवढं खोटं इतक्या सरळ तोंडानं कसं बोलत होतात?

परत येताना रिक्षा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. पुढे काँक्रीटचा मिक्सर, मागे कंपनीच्या बसगाड्या, सगळे हॉर्न वाजवत होते. मी वैशालीला फोन लावला आणि म्हटलं, "घेते." तिला आधी ऐकूच गेलं नाही. "काय घेतेस?" "तुझी किडनी घेते," मी ओरडले. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. पलीकडे ती रडायला लागली, मग मी. तुमचं बरोबर होतं म्हणून मी हो म्हटलं नाही, हे लक्षात घ्या. तुमच्याकडे नव्हतं ते माझ्याकडे होतं आणि मी ते पायानं लोटत होते, याची लाज वाटली म्हणून म्हटलं.

त्यानंतरचे थोडे दिवस माझे फार चांगले गेले. तुम्ही गेलेले होतात आणि तरी चांगले गेले, हे लिहिताना कसंतरी होतं, पण खरं आहे. ऑपरेशननंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात, हे मी राकेशकडून दोनदा वदवून घेतलं. संत्रं खायचं ठरवलं. उसाचा रस. आणि मनातल्या मनात तुमच्या नद्यांमधून एक निवडली. तीर्थन. मला मासे धरायचे नव्हते. काठावर बसायचं, ओंजळ भरायची, दात कळवळतात का ते बघायचं, एवढंच. तुमच्या सुनेकडून ती काठी मागून घ्यावी की नको, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

परवा वैशालीचे उरलेले रिपोर्ट आले. आम्ही दोघी डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टरांनी कागद दोनदा उलटून बघितले आणि माझ्याऐवजी तिच्याकडे बघून बोलायला लागले, तेव्हाच मला कळलं. तिच्या लघवीतून प्रथिनं जातायत. बीपी वाढलेलं, तिला पत्ताही नाही. माझं जे झालं त्याची सुरुवात तिच्यात झालेली आहे. डॉक्टर म्हणाले, "यांना किडनी देता येणार नाही. यांचीच सांभाळायला हवी." वैशाली म्हणाली, "पण मला काहीच होत नाही, डॉक्टर." ते म्हणाले, "यात आधी काहीच होत नाही. पाय सुजून माणूस येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुम्ही फार लवकर आलात. गोळ्या, मीठ कमी, दर तीन महिन्यांनी तपासणी. ही वेळ तुमच्यावर येणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "बहुतेक."

मी पाय सुजल्यावर गेले होते.

तर असं आहे, आप्पा. तुम्ही बाकावर बसून माझ्या बहिणीचे कान भरले नसते, तर ती कधीच तपासायला गेली नसती. मी नाही म्हणत राहिले असते, ती मुलींच्या डब्यांमध्ये आणि नवऱ्याच्या शिफ्टमध्ये राहिली असती, आणि आणखी काही वर्षांनी तिला कुणीतरी काट्यावर उभं करून विचारलं असतं, आज किती पाणी आणलंत. तुम्ही माझ्यासाठी म्हणून जे केलंत ते माझ्या काही उपयोगाचं झालं नाही. तिला मात्र तुम्ही ओढून बाहेर काढलंत, आणि तुम्हाला ते माहीतही नाही. राग कुणावर काढू? आणि आभार मानायचे, तर तोंड भिंतीकडून वळवून बघितल्यावर बेडवर आता एक तरुण मुलगा असतो. तो सगळा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून असतो. कुठलाही आवाज झाला की दचकतो. मी त्याच्याशी अजून बोललेले नाही.

माझा नंबर आता लावला आहे. खरा. फोन येईल तेव्हा येईल.

काल संध्याकाळी वैशालीकडे गेले होते. मुली शिकवणीला गेलेल्या होत्या. ती ओट्याशी उभी होती, उकाडा मरणाचा होता. तिनं ग्लास भरला, तोंडाला लावला आणि तसाच धरून राहिली. माझ्या घरातली माणसं माझ्यासमोर पाणी पीत नाहीत, दुसऱ्या खोलीत जाऊन पिऊन येतात, आणि मी ते न बघितल्यासारखं करते. मला वाटलं, तिला तोच संकोच झाला. पण तिच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, भीती होती.

"ताई, मला पाणी चालतं ना गं?"

डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलेलं होतं, पाणी हवं तेवढं प्या. तरी ती मला विचारत होती.

"पी," मी म्हटलं.

तिनं दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवायला लागली. मी म्हटलं, "सगळं पी. माझ्यासमोर पी." ती माझ्याकडे बघत प्याली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. ग्लास रिकामा झाल्यावर मी उठले, तिच्या हातातून तो घेतला, आणि पुन्हा काठोकाठ भरून तिला दिला.